खोली जाण्याआधी: इंग्लंडच्या होमलेस हॉस्टेलमध्ये नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

आपली बरीच मंडळी आता इकडे इंग्लंडमध्ये सपोर्ट वर्करच्या शिफ्ट करतात. कोणी स्टुडंट व्हिसावर आठवड्याचे २० तास, कोणी डिपेंडंट म्हणून आलेलं, कोणी आयटीतून ले-ऑफ झाल्यावर "तोपर्यंत काहीतरी" म्हणून. एजन्सी दोन-तीन ऑनलाइन ट्रेनिंग करायला लावते आणि शुक्रवारी रात्री दहाला तुम्ही एका हॉस्टेलच्या ऑफिसात एकटे, समोर सीसीटीव्हीचे बारा चौकोन, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि वरती झोपलेली वीसेक माणसं ज्यांच्याबद्दल तुम्हाला काहीही माहीत नाही. मी पण असाच आलो.

पहिल्याच आठवड्यातला किस्सा सांगतो. हँडओव्हर बुकात (पाळी बदलताना लिहायची वही) लिहिलेलं होतं, "सात नंबर, तीन दिवस दिसला नाही." चौथ्या दिवशी "अबॅन्डन्ड" लिहून लॉक बदललं, सामान काळ्या पिशव्यांत भरलं, संध्याकाळी खोलीत नवा माणूस. पिशव्या तळघरात मीच नेल्या, काही विचारलं नाही, नवीन होतो. सहाव्या दिवशी हा बाबा दारात उभा, मनगटाला हॉस्पिटलचा पट्टा तसाच, पायाला बँडेज. सुया टोचून टोचून पायात पू झालेला, रस्त्यावरूनच ॲम्ब्युलन्सने नेलेलं, फोन खोलीत चार्जिंगला राहिलेला. "माझा फॉब चालत नाहीये," एवढंच म्हणाला (फॉब म्हणजे दाराची इलेक्ट्रॉनिक किल्ली).

तर "निघून गेला" हे वाक्य त्याचं नव्हतं, ते आम्ही लिहिलं होतं. खाली जे काही लिहितोय ते तेव्हापासून शिकलेलं, काही मॅनेजरकडून, काही रेसिडेंट लोकांकडून, काही चुका करून. कायद्याचं आहे ते इंग्लंडचं आहे हे लक्षात ठेवा.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फ्लायओव्हरखालचं कुटुंब येतं. इथे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आज खोली आहे, सामायिक किचन आहे, एक की-वर्कर आहे जो आठवड्यातून तासभर त्याच्याबरोबर बसतो (निदान कागदावर तरी). याला सपोर्टेड हाऊसिंग म्हणतात. इथून बाहेर जायचे रस्ते तीन. एक मूव्ह-ऑन, म्हणजे तयारी करून स्वतःच्या घरात. दुसरा इव्हिक्शन, म्हणजे आपण बाहेर काढणं. तिसरा अबॅन्डनमेंट, म्हणजे माणूस न सांगता गेला आणि परत आला नाही. रिपोर्टमध्ये शेवटचे दोन वेगवेगळ्या कॉलममध्ये जातात, इव्हिक्शनचा आकडा वाढला की मॅनेजरला कौन्सिलपुढे (इथली महापालिका) उत्तर द्यावं लागतं, अबॅन्डनमेंटबद्दल कोणी फारसं विचारत नाही. पण जवळ जाऊन बघितलं तर दोन्हीकडे बहुतेक वेळा तीच गोष्ट असते, काहीतरी पाच-सहा आठवडे आधी बिघडलेलं असतं आणि तेव्हा कोणी बघितलेलं नसतं.

पायरी १: ॲग्रीमेंट वाचा, निदान एकदा तरी

आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, त्यामुळे "लायसन्स" शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे तर माहितीये. थांबा जरा. इथे हॉस्टेल कौन्सिलचं किंवा रजिस्टर्ड हाऊसिंग असोसिएशनचं असेल तर खोलीचं लायसन्स बहुतेक "एक्सक्लुडेड" प्रकारचं असतं, म्हणजे बाहेर काढायला कोर्टाची ऑर्डर लागत नाही, "रीझनेबल" नोटीस पुरते, आणि रीझनेबल म्हणजे किती दिवस हे कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही, ॲग्रीमेंटमध्ये काय छापलंय ते बघायचं. पण हॉस्टेल एखाद्या छोट्या चॅरिटीचं असेल आणि ती रजिस्टर्ड प्रोव्हायडर (सरकारकडे नोंदलेली घरं देणारी संस्था) नसेल तर ही सूट आपोआप मिळत नाही, मग प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन ॲक्ट १९७७ प्रमाणे कमीत कमी ४ आठवड्यांची लेखी नोटीस आणि वर कोर्टाची ऑर्डर. स्वतंत्र फ्लॅट असेल तर बऱ्याचदा ती टेनन्सीच (भाडेकरूचा पक्का हक्क) निघते. कागदावर मोठ्या अक्षरात लायसन्स छापलं म्हणून ते लायसन्स होत नाही, १९८५ च्या स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड केसपासून कोर्ट प्रत्यक्षात काय चाललंय ते बघतं. आणि टेनन्सी असेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे जुने नोटिशीचे फॉर्म वापरू नका, रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ आल्यापासून १ मे २०२६ ला खाजगी भाड्याच्या घरांसाठी सेक्शन २१ ची (कारण न देता घर रिकामं करायला सांगणारी) नोटीस संपली.

तुम्ही म्हणाल हे मॅनेजरचं काम, मला काय करायचंय. रात्री दोन वाजता ऑन-कॉल मॅनेजर फोनवर म्हणतो "त्याला बाहेर काढ" आणि दारात तुम्ही उभे असता, तो घरी पांघरुणात असतो. बेकायदेशीरपणे बाहेर काढणं हा इथे गुन्हा आहे, नुसती पॉलिसीची चूक नाही. म्हणून शांतपणे विचारायचं, "याचं लायसन्स कुठलं आहे आणि नोटीस दिलीय का, मला ईमेलवर लिहून पाठव." नव्वद टक्के वेळा फोनवरचा आवाज तिथेच मऊ होतो. (नव्वद हा माझा अंदाज, सर्व्हे नाही.)

वेल्समध्ये काम करत असाल तर वेगळा कायदा, तो १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, तिथे सपोर्टेड कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला फार तर ४८ तास बाहेर ठेवता येतं आणि तेही सहा महिन्यांत तीनदाच. स्कॉटलंडचं तिसरंच. कार्डिफमधल्या मित्राचा सल्ला बर्मिंगहॅममध्ये वापरू नका.

पायरी २: पहिला दिवस

नवा माणूस येतो तेव्हा तो बहुतेक झोपलेला नसतो, कधी दोन रात्री, कधी जास्त. आणि आपण त्याच्यासमोर चौदा पानांचं ॲग्रीमेंट ठेवतो आणि म्हणतो इथे सही, इथे सही, इथे इनिशियल. तो करतो सह्या, त्याला फक्त दार बंद करून झोपायचं असतं. तीन आठवड्यांनी आपण म्हणतो "तू सही केलीयेस की गेस्ट रात्री दहानंतर चालणार नाहीत." कायद्याने बरोबर, पण त्याला खरंच माहीत नसतं. मी आता काय करतो, पहिल्या दिवशी लागेल तेवढंच, सही, आगीचा अलार्म वाजला तर काय, किल्ली, खोली, चहा, काहीतरी खायला. बाकीचं दोन दिवसांनी दुसऱ्या बैठकीत, साध्या बोलीत.

मात्र हाऊसिंग बेनिफिटचा (भाड्यासाठीची सरकारी मदत) फॉर्म पहिल्याच दिवशी भरायचा. इथे नवीन लोक हमखास गोंधळतात. माणसाला युनिव्हर्सल क्रेडिट (महिन्याचा मुख्य सरकारी भत्ता) मिळत असलं तरी अशा सपोर्टेड हॉस्टेलचं भाडं त्यातून येत नाही, ते कौन्सिलकडून हाऊसिंग बेनिफिटमधून येतं, वेगळा अर्ज, वेगळं ऑफिस, वेगळी कागदपत्रं. अर्ज राहिला आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं तर कामाच्या वयाच्या माणसाला मागचा जास्तीत जास्त एकच महिना मिळू शकतो, तोही उशिराला नीट कारण असेल तर. बाकीची रक्कम त्याच्या नावावर एरियर्स, म्हणजे थकबाकी. कोणाची चूक? आपली. खोली कोणाची जाते? त्याची.

दुसरं म्हणजे दोन प्रश्न. हे मला एका जुन्या सहकारी बाईंनी शिकवले, त्या वीस वर्षं याच कामात होत्या. पहिला: "मागच्या ठिकाणी बिघडायला लागलं तेव्हा, बिघडायच्या आदल्या आठवड्यात तू कसा वागत होतास, म्हणजे आम्हाला बाहेरून काय दिसलं असतं?" सुरुवातीला माणूस खांदे उडवतो, मग सांगतो. एक जण म्हणाला, "मी जेवण खोलीत न्यायला लागतो." दुसरी म्हणाली, "मी सगळ्यांना खूप गोड बोलायला लागते." असली माहिती कुठल्याही रिस्क असेसमेंटच्या फॉर्ममध्ये मिळणार नाही. दुसरा प्रश्न: "दोन रात्री तू दिसला नाहीस तर मी कुठे विचारू, कोणाला फोन करू, आणि कोणाला अजिबात करू नको?" शेवटचा भाग विसरू नका. ज्या नवऱ्यापासून बाई पळून आलीये त्यालाच फोन गेला असं होऊ शकतं. उत्तर लिहून घ्या, त्यावर तिची किंवा त्याची सही घ्या.

पायरी ३: छोटे पैसे

खोली जाते ती मोठ्या भाड्यापायी असं वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा छोट्या पैशापायी. हाऊसिंग बेनिफिट भाडं आणि ठराविक सर्व्हिस भरतं पण जेवण, त्याच्या खोलीची वीज, गरम पाणी, हीटिंग असला खर्च त्यात बसत नाही. तो पर्सनल सर्व्हिस चार्ज, दर आठवड्याला माणसाने खिशातून द्यायचा. समजा आठवड्याला १५ पाउंड. आता युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात, म्हणजे काही न करता, कोणाशी न भांडता, पहिल्या पैशाच्या दिवशी त्याच्या डोक्यावर ७५ पाउंड. मधल्या काळात ॲडव्हान्स घेतला असेल तर तो पुढच्या हप्त्यांतून कापला जातो. २०२५-२६ मध्ये पंचविशीच्या वरच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४०० पाउंड १४ पेन्स होती, पंचविशीच्या आतल्याची ३१६ पाउंड ९८ पेन्स. करा हिशोब.

म्हणून पहिल्या आठवड्यातच कागदावर मांडून दाखवायचं, पैसे कोणत्या तारखेला येणार, त्या दिवशी सर्व्हिस चार्ज आधी काढून ठेवायचा, मागचं थकलेलं आठवड्याला ३ किंवा ५ पाउंडने. ५ पाउंड म्हणजे अगदीच किरकोळ वाटतं ना, पण पुढे नोटीस द्यायची की नाही ही मीटिंग बसते तेव्हा "सहा आठवडे न चुकता भरतोय" या एका ओळीचं वजन फार असतं.

ब्राउन पाकिटं हा वेगळाच विषय. सरकारी पत्रं माणसं उघडत नाहीत, भीती वाटते, मी पण माझ्या व्हिसाचं पत्र आलं की आधी चहा करतो तर त्यांचं काय. पिजनहोलमध्ये (टपालाच्या कप्प्यात) तीन पाकिटं साठलेली दिसली की समजा इथे काहीतरी होणार आहे. "बस, आपण दोघं मिळून उघडू" एवढंच म्हणायचं. बरेचदा आत असतं की युनिव्हर्सल क्रेडिट बंद झालंय म्हणून हाऊसिंग बेनिफिट पण थांबवलंय. आता सँक्शन लागली (अटी पाळल्या नाहीत म्हणून भत्ता कापला) याचा अर्थ भाड्याचा हक्क गेला असा नाही, माणसाकडे उत्पन्न शून्य आहे हे कौन्सिलला लेखी कळवलं की बेनिफिट परत चालू होऊ शकतं. ते एक पान कोणी भरलं नाही म्हणून हजार-दीड हजारांचे एरियर्स झालेले मी बघितलेत. कर्ज जास्तच असेल तर डेट ॲडव्हायझरकडून "ब्रीदिंग स्पेस" मिळते, साधारण ६० दिवस ज्यांचे पैसे द्यायचेत ते मागे लागू शकत नाहीत.

पायरी ४: भांडण, आरडाओरड, वॉर्निंग

हॉस्टेलमध्ये एक शिडी असते, फर्स्ट वॉर्निंग, सेकंड, फायनल, नोटीस. माणूस एकदा शिडीवर चढला की कोणी विचारच करत नाही, पुढची पायरी आपोआप. मला शिडीचा राग येतो, खरं सांगतो. नऊ नंबरच्या बाईला चार महिन्यांत तीन वॉर्निंग मिळाल्या, स्टाफला शिव्या, दार आपटणं, एकदा फायर एक्स्टिंग्विशर फोडलं. मी सहज इन्सिडेंटच्या तारखा एका खाली एक लिहिल्या तर तिन्ही दर महिन्याच्या १८-१९ तारखेला. तिचे पैसे १८ ला यायचे. गेटबाहेर त्या दिवशी दोन माणसं उभी असायची, तिचे पैसे काढून घ्यायला, एक तर रात्री तिच्या खोलीत राहायचाच. याला इकडे कुकूइंग म्हणतात, कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात घुसते तसं. ती आरडाओरडा करायची कारण पोलीस आले तर तो माणूस जाईल. आणि आम्ही तिला वॉर्निंग देत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

काय केलं? पैसे महिन्यातून एकदा न येता दोनदा यावेत अशी विनंती युनिव्हर्सल क्रेडिटला करता येते, ती केली. सेफगार्डिंगचा (धोक्यात असलेल्या माणसाच्या संरक्षणाचा) रिपोर्ट केला, केअर ॲक्ट २०१४ खाली कौन्सिलला अशा बाबतीत चौकशी करावी लागते. खोली तळमजल्यावरून वरती नेली. १८ तारखेला दिवसपाळीत एक जादा माणूस ठेवला. पुढच्या महिन्यात ती भांडली नाही असं नाही, पण एक्स्टिंग्विशर वाचलं.

तर शिकायचं काय, की वॉर्निंग लिहायच्या आधी मागच्या सगळ्या इन्सिडेंट एकत्र ठेवून वार, वेळ, जागा, कोण ड्युटीवर होतं ते बघा. कधी कधी उत्तर स्टाफमध्ये निघतं, एकच जण ड्युटीवर असतानाच भांडणं होतात. ते बोलून दाखवणं नवीन माणसाला अवघड आहे, सुपरव्हिजनमध्ये मॅनेजरशी एकट्याने बोला. २०१० च्या सुमारास रॉबिन जॉन्सन आणि रेक्स हेग यांनी "सायकॉलॉजिकली इन्फॉर्म्ड एन्व्हायर्नमेंट" हा शब्द आणला, सगळे त्याला पाय (PIE) म्हणतात, आता प्रत्येक नोकरीच्या जाहिरातीत असतो. नाव भारी आहे पण रोजच्या कामात अर्थ असा, की माणूस असं का वागला हा प्रश्न आधी, शिक्षा काय हा नंतर, आणि स्टाफला पण एकत्र बसून डोकं हलकं करायला वेळ द्यायचा.

वॉर्निंग द्यायचीच असेल तर एका पानाची, समोर बसून, वाचून दाखवत. कित्येकांना नीट वाचता येत नाही आणि ते सांगणार नाहीत, "चष्मा वर राहिला" म्हणतील. पत्रात आम्ही काय करणार हे पण लिहा, नुसतं त्याने काय करायचं हे नाही. आणि मानसिक आजार, डोक्याला मार, ऑटिझम असं काही असेल तर इक्वॉलिटी ॲक्ट २०१० आडवा येतो, आजारामुळे घडलेल्या वागण्यावरून बाहेर काढणं हा भेदभाव ठरू शकतो. नुसतं व्यसन हे त्या कायद्यात अपंगत्व धरत नाहीत, पण व्यसनाबरोबर डिप्रेशन वगैरे असतंच की.

ड्रग्जचं वेगळं सांगतो कारण आपण इथे सगळ्यात जास्त घाबरतो. केंब्रिजमध्ये विंटरकम्फर्ट नावाचं बेघरांचं डे सेंटर होतं, १९९९ मध्ये तिथल्या रूथ वायनर आणि जॉन ब्रॉक या दोघांना शिक्षा झाली, एकीला पाच आणि दुसऱ्याला चार वर्षं, का तर आवारात हेरॉइनची विक्री होऊ दिली म्हणून, मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्ट १९७१, सेक्शन ८. सात महिन्यांनी अपील चालू असताना तुरुंगाबाहेर आले, दोषी ठरवणं मात्र कायम राहिलं, आणि तेव्हापासून हॉस्टेलवाले जरा (हेरॉइन ओढायची) फॉइल दिसली की नोटीस काढतात. आवारात विक्री चालली आहे हे माहीत असून गप्प बसणं आणि एखाद्याच्या खोलीत वापरलेली सुई सापडणं, कायद्यात या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीवर लगेच हालचाल करावी लागते. दुसरी लिहून ठेवायची, मॅनेजरला सांगायची, शार्प्स बिन (सुया टाकायचा डबा) द्यायचा, नॅलोक्सोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) कुठे ठेवलंय ते स्वतः बघून ठेवायचं आणि की-वर्करने बोलायचं. खोली जाईल या भीतीने माणूस कडी लावून बाथरूममध्ये एकटा घेतो, आणि ओव्हरडोस झाला तर ते दार कोणी वेळेत उघडत नाही.

आणि हो, मी काही संत नाही. एका माणसाला बाहेर काढायला मी स्वतः हो म्हटलंय, त्याने दुसऱ्या रेसिडेंटला स्वयंपाकघरात चाकूच्या धाकाने धरलं होतं. बाकीच्या वीस जणांचं पण ते घर आहे. पण तेव्हासुद्धा रस्त्यावर नाही, शहरातल्या दुसऱ्या हॉस्टेलशी बोलून अदलाबदल, त्यांचा एक आमच्याकडे, आमचा एक त्यांच्याकडे. अशी अदलाबदल कुठल्याच फॉर्ममध्ये नसते, फोन उचलून विचारावं लागतं.

पायरी ५: दिसत नाहीये

ही पायरी लांब आहे कारण रात्रपाळीवाल्याच्या हातात खरी हीच आहे.

पहिली रात्र दिसला नाही, तर फॉबचा लॉग बघा, शेवटचा कधी आत आला, सीसीटीव्हीवर कसा गेला, बॅग घेऊन की हात हलवत. दार वाजवा. आत पडलेला असू शकतो, त्यामुळे तब्येतीची काळजी असेल तर पॉलिसीप्रमाणे दोघांनी मिळून दार उघडून बघायचं, २४ तास थांबायचं नाही. खोली काय सांगते ते वाचा. चार्जर, औषधं, आईचा फोटो, कुत्र्याचा पट्टा तसाच असेल तर हा माणूस सोडून गेलेला नाही, त्याला काहीतरी झालंय. कपाट रिकामं आणि अंथरूण नीट घडी घातलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग फोन. त्याने पहिल्या दिवशी दिलेले नंबर. हॉस्पिटल, ते प्रायव्हसीमुळे "हो, आहे" असं सांगणार नाहीत, तेव्हा असं म्हणा, "तो तुमच्याकडे असेल तर एवढा निरोप द्या की खोली ठेवलीये, फोन कर." त्यांना निरोप द्यायला काही अडचण नसते. पोलीस कस्टडी, प्रोबेशन ऑफिसर. तुरुंगात असेल तर सरकारची कैदी शोधायची ऑनलाइन सेवा आहे. मेथाडोन (हेरॉइनऐवजी डॉक्टर देतात ते औषध) घेत असेल तर ज्या केमिस्टकडून घेतो तिथे, किंवा ड्रग सर्व्हिसला. हे तातडीचं, कारण लागोपाठ तीन डोस चुकले की स्क्रिप्ट (डॉक्टरची चिठ्ठी) साधारण थांबवतात आणि परत तपासणी करून चालू करावी लागते. शहराची आउटरीच टीम, म्हणजे रस्त्यावर फिरून बेघरांना भेटणारे, त्यांना पहाटे कोण कुठल्या दुकानाच्या दारात झोपलंय ते माहीत असतं. काळजीचं कारण असेल तर पोलिसांकडे मिसिंग रिपोर्ट, "मोठा माणूस आहे, येईल" म्हणून टाळू नका.

आणि मेसेज. आमच्याकडे पूर्वी एक ठरलेला मेसेज जायचा, "२४ तासांत संपर्क न केल्यास खोली काढून घेण्यात येईल." हा मेसेज वाचून कोणी परत येतं का? आधीच लाजलेला माणूस फोन बंद करतो. मी लिहितो, "बरा आहेस ना? खोली आहे तुझी. काही भानगड असेल तर आपण बघू, रात्री दहानंतर मीच आहे." एक मुलगा अशा मेसेजवर पहाटे चारला आला. का गेला होता? किल्ली हरवली, नवीन किल्लीचे १० पाउंड लागतात आणि त्याच्याकडे नव्हते. तीन रात्री बस स्टेशनवर, १० पाउंडसाठी.

कारणं अशीच निघतात. शेजारच्या खोलीतल्याचं देणं थकलंय आणि तो धमकावतोय. पार्टनर बाहेर तंबूत आहे, तिला आत घेत नाहीत, म्हणून हा बाहेर. कुत्रं चालत नाही. गादीवर झोपच येत नाही, वर्षभर कार्डबोर्डवर झोपल्यावर छत अंगावर येतं, अशा माणसाला पहिले काही आठवडे जमिनीवर झोपू द्या, दार उघडं ठेवू द्या, दोन रात्री बाहेर काढल्या तर बोंबाबोंब करू नका. आणि साधा एकटेपणा. रस्त्यावर निदान चार ओळखीचे असतात.

"पण खोली रिकामी ठेवून भाडं कोण देणार?" हा मॅनेजरचा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर तयार ठेवा. माणूस परत येणार असेल आणि खोली दुसऱ्याला दिलेली नसेल तर तात्पुरत्या गैरहजेरीत हाऊसिंग बेनिफिट साधारण १३ आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतं, हॉस्पिटलमध्ये किंवा खटला चालू असताना रिमांडवर असेल तर ५२ आठवड्यांपर्यंत. सात नंबरच्या वेळी हे आमच्यातल्या कोणाला तरी ठाऊक असतं तर तो तळघरातल्या काळ्या पिशव्यांत स्वतःचे बूट शोधत बसला नसता. त्याला अकरा दिवसांनी दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. मधले अकरा दिवस कुठे होता ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सामानाबद्दल एवढंच, फेकायचं नाही. टॉर्ट्स ॲक्ट १९७७ प्रमाणे ते अजून त्याचंच असतं, दोघांनी मिळून यादी करा, फोटो काढा, नोटीस द्या, किती दिवस ठेवणार ते लिहा. एका पिशवीत मला डबी मिळाली होती, मला वाटलं कॉफी, ती त्याच्या वडिलांची राख होती.

पायरी ६: नोटीस गेली तरी

नोटीस गेली म्हणजे सगळं संपलं असं नवीन लोकांना वाटतं. नोटीस मागे घेता येते, आणि जेवढ्या मागे घेतलेल्या मी बघितल्यात त्यात बहुतेकदा एकाच गोष्टीने काम झालंय, सगळ्यांना एका टेबलावर बसवणं: ड्रग सर्व्हिस, प्रोबेशन, मेंटल हेल्थवाले, कौन्सिलचा माणूस आणि तो स्वतः. जमल्यास त्याला न ओळखणारा दुसऱ्या प्रोजेक्टचा मॅनेजर पण बोलवा, ताज्या डोळ्याने फाइल वाचणारा माणूस विचारतो ते आपल्याला सुचत नाही.

त्याच दिवशी कौन्सिलच्या होमलेस टीमला कळवायचं. होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट २०१७, एप्रिल २०१८ पासून लागू, ५६ दिवसांत घर जाणार असेल तर कौन्सिलला ते टाळायला मदत करावी लागते. सात दिवसांची नोटीस त्यात बसतेच. वरातीमागून घोडं नको, शेवटच्या दिवशी फोन करून काही होत नाही. मोफत सल्ल्यासाठी शेल्टर आणि सिटिझन्स ॲडव्हाइस आहेत, माणसाला त्यांचा नंबर द्या, तो तुमच्याच संस्थेविरुद्ध सल्ला घेणार असला तरी द्या.

पत्रात काय लिहिता ते जपून. हाऊसिंग ॲक्ट १९९६ मध्ये "इंटेन्शनली होमलेस" अशी भानगड आहे, स्वतःच्या करणीने घर घालवलं असं ठरलं तर कायमच्या घराची मोठी जबाबदारी कौन्सिल झटकू शकते. आणि ते ठरवताना कौन्सिल वाचतं आपलंच पत्र. "अबॅन्डन्ड" हा एक शब्दसुद्धा तिथे पुरावा होतो, चांगली खोली होती आणि हा आपणहून सोडून गेला. म्हणून काय घडलं, कधी, आम्ही काय केलं, तो काय म्हणाला, एवढंच. "अटिट्यूड खराब", "सहकार्य करत नाही" असलं काही नको.

शुक्रवारी दुपारी कोणालाही बाहेर काढू नका. सोमवारपर्यंत सगळी ऑफिसं बंद. थंडीत तर नाहीच, तापमान शून्याला जाणार असेल तेव्हा कौन्सिलं स्वेप नावाची तातडीची सोय चालू करतात, आपण त्याच रात्री आतला माणूस बाहेर करायचा म्हणजे काय.

काहींना हॉस्टेल जमतच नाही हे पण मान्य करा. चार हॉस्टेलमधून निघालेल्याला पाचवं देऊन काय होणार. सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाऊसिंग फर्स्ट सुरू केलं, आधी स्वतःचं घर, दारू सोडायची अट नाही, मदत त्या घरात येते. इंग्लंडने २०१८ पासून ग्रेटर मँचेस्टर, लिव्हरपूल आणि वेस्ट मिडलंड्समध्ये २ कोटी ८० लाख पाउंडांचे पायलट केले. तुमच्या शहरात हाऊसिंग फर्स्ट टीम आहे का ते पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा, नोटिशीच्या मीटिंगमध्ये तो पर्याय मांडणारे बहुतेक तुम्हीच असाल.

आणि शेवटी हँडओव्हर बुक, कारण सकाळी सातला थकलेले असताना तुम्ही त्यात काय लिहिता त्यावर दिवसपाळी चालते. "सात नंबर दिसला नाही" असं लिहू नका. असं लिहा: "सात नंबर, शेवटचा फॉब मंगळवार संध्याकाळी ६:४०, बॅग नव्हती. खोलीत फोन आणि औषधं आहेत. हॉस्पिटलला निरोप ठेवला, बहिणीला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकलाय. दिवसपाळीने केमिस्टला नऊ वाजता विचारावं. खोली त्याचीच आहे, लॉक बदलू नये."